दुसरं वल्हं

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा. माझ्याशी वाद घालू नका, मी आधीच संतापलेलो आहे.

फ्रेम रेट आणि रेझोल्यूशनने काय फरक पडतो, असं विचारणाऱ्यांनी मात्र वाचा.

भोपाळ. गोविंदपुऱ्याजवळच्या टाउनशिपमधलं आमचं क्वार्टर. ११ फेब्रुवारी २०१८, रविवार, दुपारचे तीन.

माझी बायको कांचन जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

तिला कॉम्प्युटरवरचा एक नावेचा गेम आवडायचा. दोन माणसं, दोन वल्ही. एकच वल्हं मारलं तर नाव जागच्या जागी गोल फिरते. ती एकटीच दोन्ही हातांनी दोन्ही वल्ही मारायची. मला म्हणायची, "अहो, एक तुम्ही घ्या ना."

मी कारखान्यात तपासणी विभागात होतो. चित्र धुरकट, सेकंदाला जेमतेम पंधरा फ्रेम, नाव अडखळत चालायची. मी म्हणायचो, "हा रिजेक्ट माल आहे. नवं ग्राफिक्स कार्ड आणू, मग बसतो."

तीन वर्षं हेच म्हणत राहिलो.

ती गेल्यावर मुलगा उदय पुण्याहून आला आणि कार्ड बसवून गेला. म्हणाला, "बाबा, आता साठ फ्रेम. एकदम मक्खन."

त्या रविवारी मी बसलो. चित्र आरशासारखं स्वच्छ. मी माझं वल्हं मारलं. नाव गोल फिरायला हवी होती...

ती पुढे गेली. हिसके खात.

डावीकडे... टक.

कीबोर्डवर माझा एकच हात होता. दुसऱ्या वल्ह्याचं बटण आपोआप खाली गेलं. थांबलं. मग... टक.

तो ठेका मी ओळखला. जुनं मशीन अडखळायचं, म्हणून ती बटण दाबून थांबायची. नवं मशीन अडखळत नव्हतं.

ती अजूनही थांबत होती.

मला भीती वाटली नाही. राग आला, स्वतःचाच. सेटिंग उघडून सगळं खाली आणलं. पंधरा फ्रेम, धुरकट चित्र.

वल्ही जुळली.

तेव्हापासून रोज दुपारी बसतो. परवापासून समोर काठ दिसतोय. उदयला फोनवर सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, त्या गेममध्ये काठ नाहीच. नुसतं पाणी आहे."

काठावर कुणीतरी उभं आहे... रेझोल्यूशन वाढवलं तर चेहरा दिसेल. हात धजत नाही.

काल मी माझं वल्हं सोडून दिलं.

नाव सरळच चालली आहे.