दसऱ्यानंतर बंद पडलेलं मशीन

अनंतरावांची एक खोड काही केल्या गेली नाही. काय बिघडलं ते कळायच्या आधी, कोणी बिघडवलं ते त्यांना कळतं. नोकरीत होते तोवर हाताखालच्या माणसांनी सोसलं. निवृत्त झाल्यावर ते यवतमाळच्या कॉलनीच्या वाट्याला आले.

दसरा झाला आणि त्यांचं गवत कापायचं मशीन चालूच होईना. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तेव्हा अनंतरावांनी जाहीर करून टाकलं, हे देवसिंगचं काम. देवसिंग कॉलनीतल्या घरांचं गवत कापतो. सणाला गावी, मुकुटबनला जायची त्यानं सुटी मागितली, अनंतरावांनी नाही म्हटलं, तरी तो गेला. जाताना मशीनवर राग काढून गेला, असं अनंतराव फाटकाफाटकावर सांगत फिरले. तो परत आला तर एकही फाटक उघडेना.

मग तो लीलाबाईंकडे गेला. लीलाबाई नेरकडच्या शेतकरी घरच्या. शाळा फारशी पाहिली नाही, पण कॉलनीत काही हरवलं, फुटलं, तर लोक आधी त्यांचं दार वाजवतात.

"केलं असंन तर काम सोडतो, माय," देवसिंग म्हणाला. "न करता कायले सोडू?"

लीलाबाईंनी चप्पल घातली. सोबत नवरा निघाला, बबनराव. त्यांना फवारणीच्या पंपातलं सगळं कळतं आणि बाकी जगातलं बेताचं.

मशीन अनंतरावांच्या पोर्चमध्ये होतं. देवसिंग फाटकाबाहेरच थांबला. बबनरावांनी पाहिल्याबरोबर निकाल दिला: पेट्रोलमध्ये ऑइल गेलं. फवारणीच्या पंपात तसंच टाकतात, या मशीनला ते चालत नाही, आणि शेजारच्या कपिलकडे तसा पंप आहे. कपिलला बोलावलं. तो म्हणाला, अनंतरावांचा पेट्रोलचा डबा नेला होता खरा, पण रिकामा नेला, रिकामाच आणून दिला.

लीलाबाईंनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढायला लावलं. स्वच्छ होतं. ऑइलचा रंग नाही, तळाशी पाणी नाही.

मग बबनरावांनी हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. आतला स्पंज ऑइलनं थबथबलेला. प्लगही काळा, ओला.

अनंतरावांची मान ताठ झाली. ओतलंय म्हणाले, आता तरी पटलं का.

इंजिनातलं ऑइल मोजायची दांडी लीलाबाईंनी काढायला सांगितली. ऑइल जेमतेम टोकाला लागलं होतं. फळीवरची ऑइलची बाटली पाहिली. तिचं सील फुटलेलं नव्हतं.

अनंतरावांच्या बायकोनं, रत्नप्रभावहिनींनी, चहा आणला. लीलाबाईंनी सणाची गोष्ट काढली. वहिनी म्हणाल्या, पूजा सगळी हेच करतात, दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत. पूजलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हलवायचीही नाही.

अनंतरावांना विषय आवडला. वस्तू ज्या भागानं काम करते तिथंच कुंकू लावायचं, लोक कुठंही बोटं पुसतात, असं त्यांनी समजावलं. स्कूटरचं चाक, विळीचं पातं, शिलाई मशीनची सुई.

लीलाबाईंनी स्कूटर पाहिली. चाकावर कुंकू अजून होतं. मशीनच्या दांड्यावर, झाकणावर ठिपकासुद्धा नव्हता. त्यांनी बबनरावांना मशीनचं तोंड उचलायला सांगितलं, वाकून खाली पाहिलं. पात्यावर वाळलेलं कुंकू होतं, आणि त्याचा लांब ओघळ एका बाजूला गेला होता.

"ठेवा खाली," त्या म्हणाल्या. "देवसिंगले आत बोलवा."

बबनरावांनी विचारलं, मग कपिल का देवसिंग?

"दोघंबी नाई. पेट्रोल साफ आहे, कपिल सुटला. देवसिंगनं बाहेरून ऑइल ओतलं असतं, तर इंजिनातलं काहून कमी झालं? बाटली तं बंद आहे. म्हणजे आतलंच ऑइल फिल्टरमधी आलं. उभ्या मशीनमधून ते येत नाई. आडवं पडलं तवाच येते."

"मग आडवं कोणं पाडलं?" बबनराव अजून कपिलकडेच पाहत होते.

"कुंकवाले विचारा. पातं खालून राह्यते. त्याले कुंकू लावाचं तं मशीन आडवं कराच लागते. ओलं कुंकू खाली ओघळते, अन् ओघळ फिल्टरच्या अंगाले गेला आहे. फिल्टर खाली होता. दुसऱ्या दिवसापर्यंत कोणं हलवलं नाई, रातभर ऑइल झिरपलं. अन् देवसिंग तवा मुकुटबनले होता."

पूजा कोणी केली, हे कोणी विचारलं नाही. रत्नप्रभावहिनींनी कप गोळा करायला घेतले.

बबनरावांनी स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवला. प्लग पुसला, तो बाहेर ठेवून दोरी ओढली, आतलं ऑइल पिचकारीसारखं उडालं. प्लग बसवला, नवं ऑइल खुणेपर्यंत भरलं. मशीननं पांढरा धूर ओकला, मग ते नीट चालू लागलं.

अनंतरावांनी लॉनकडे बोट केलं. लाग मग कामाला, असं देवसिंगला म्हणाले, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

देवसिंगनं दांडा धरला. लीलाबाईंनी पुढं होऊन मशीन बंद केलं.

"मशीन सुधरलं, अनंतराव. या माणसाचं नाव अजून बिघडूनच आहे, अन् ते दुरुस्त कराले बबनरावाचा पाना चालत नाई. ज्या ज्या फाटकावर बोलले, त्या फाटकावर पायी जा अन् सांगा, मशीन म्या आडवं पाडलं. तोवर तुमच्या गवताले कोणी हात लावणार नाई. वाढू द्या कमरेएवढं. येणाराजाणारा विचारंन, तवा खरं तेच सांगा."