सांता क्लारासाठी डझनभर अंडी

मठाच्या कमानीखाली तो उभा होता आणि त्याच्या हातातल्या टोपलीत अंडी होती.

डिसेंबरच्या जोडसुट्टीसाठी मी माद्रिदहून या गालिसियन बंदरात उतरले, तेव्हापासून पाऊस थांबलेला नव्हता. छत्रीच्या दोन काड्या वाऱ्याने मोडल्यावर मीही त्या कमानीखाली शिरले. सांता क्लाराच्या जोगिणींना अंडी कोण वाहते, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आपल्या दिवशी पाऊस पडू नये, अशी ज्यांची इच्छा असते ती लग्नघरची माणसे.

"लग्न कुणाचं?" मी विचारले.

त्याने माझ्याकडे पाहिले. पापण्यांवरून पाणी निथळत होते. "तुम्हाला काय वाटतं?"

"तुमचं असेल तर पुढे ढकला. मंगळवारपर्यंत हे असंच राहणार."

"अंडी वाहूनसुद्धा?"

"अंड्यांचा हवेच्या दाबाशी संबंध अजून कुणी सिद्ध केलेला नाही. मी हवामान खात्यात काम करते."

"अच्छा... म्हणजे आम्हाला भिजवणाऱ्या बाई तुम्हीच."

"मी फक्त कळवते. भिजवणारा वेगळा."

तो हसला. पुष्कळ दिवस न उघडलेल्या दारासारखे ते हसू कुरकुरले. ते मला आवडले. निरीक्षण एकच असल्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढायचे मी टाळले.

मग त्याने भिंतीतल्या फिरत्या लाकडी कपाटात टोपली ठेवली. पलीकडच्या जोगिणी कुणाला दिसत नाहीत. कपाट फिरते, वस्तू आत जाते आणि आवाज बाहेर येतो.

"कशासाठी रे, बाळा?"

"आन्शोसाठी, माते. एक सकाळ तरी समुद्र शांत राहू दे, असं आईनं सांगितलंय... त्याला घरी आणायचंय."

कपाट पुन्हा फिरले. रिकामी टोपली परत आली. माझ्या तोंडातली पुढची थट्टा तिथेच वाळली.

"माफ करा," मी म्हणाले.

"कशाबद्दल? दहा दिवसांत माझ्याशी थट्टेनं बोललेलं पहिलं माणूस तुम्ही." त्याने टोपली डोक्यावर पालथी घातली. "चला, मी ब्राईस. खानावळीपर्यंत सोडतो. ही तुमच्या छत्रीपेक्षा बरी."

खानावळीत कोबी-बटाट्याच्या गरम सुपावर त्याने सगळे सांगितले. आन्शो त्याचा थोरला भाऊ. त्याची होडी दीपगृहाखालच्या खडकांत आदळून अडकली होती. ओहोटीला तिचे केबिन दिसे. आन्शोचा देह आतच होता, हे साऱ्या गावाला माहीत होते. लाटांमुळे कुणी जवळ जाऊ शकत नव्हते. पुढच्या मोठ्या वादळात होडी फुटणार, म्हणजे तोही जाणार, समुद्राच्या पोटात, कायमचा.

"आमच्या कोंबड्यांची सगळी अंडी मठात जातात," तो म्हणाला. "घरात आता ऑम्लेटचं नाव काढायची सोय नाही."

तो पुन्हा हसला. या वेळी मी त्याच्या हातांकडे पाहत होते. इंजिने दुरुस्त करणारे, बोटांच्या पेरांत तेल मुरलेले ते हात चमचा फार हळू धरत होते, जणू तोही कुणाचा तरी जिवाचा होता.

त्या दोन दिवसांत पावसाने आम्हाला सारखे एकत्र ठेवले. धक्क्यावरून खानावळ, खानावळीतून धक्का. तो मला 'माद्रिदची माहितगार' म्हणे; मी त्याला त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर विसंबून केलेले पावसाचे अंदाज किती चुकले ते मोजून दाखवी. 'तुम्ही'चे 'तू' कधी झाले, याची नोंद मी ठेवली नाही.

शनिवारी संध्याकाळी मी नवे नकाशे उघडले. रेडिओ सोमवारपर्यंत सलग वादळ सांगत होता. मला मात्र दोन ढगपट्ट्यांच्या मध्ये एक फट दिसली. रविवारची सकाळ, नेमकी ओहोटीच्या वेळी. त्यामागून येणारी पट्टी सर्वांत मोठी होती.

ती फट गावात फक्त मला दिसली होती. मी गप्प राहिले असते, तर ब्राईस किनाऱ्यावर राहिला असता... कोरडा, जिवंत, माझ्यासमोर. हा विचार मी पुरता केला. मग उठून त्याच्याकडे गेले.

"वारा पडेल," मी म्हणाले. "लाटा लगेच ऐकणार नाहीत. पण वेळ मिळेल."

"नक्की?"

"हा शब्द आम्ही वापरत नाही. दहात सात."

"आणि उरलेले तीन?"

"त्यांत तू परत येत नाहीस."

"गप्प बसता आलं असतं तुला."

"आलं असतं."

"मग सांगितलंस का?"

"कारण नंतर तू मला विचारलं असतंस... आणि मला तुझ्याशी खोटं बोलायचं नव्हतं. कधीच."

त्याने माझी ओली कॉलर सरळ केली. बस, तेवढेच.

सकाळी बंदरातल्या आणखी दोघांना घेऊन तो निघाला. धक्क्यावर मी त्याच्या आईशेजारी, एरुंदिनाबाईंशेजारी उभी होते. आकाश खरोखर फाटले. समुद्रावर एक राखाडी उजेड पसरला. तो माझ्या हिशेबापेक्षा लवकर मिटू लागला. पश्चिमेकडे काळी रेघ उठली, तेव्हा बाईंनी माझा दंड धरला आणि सोडला नाही.

होडी परतली ती पहिल्या सरीबरोबर. तिच्यात तीन माणसे बसलेली होती आणि एक शिडाच्या कापडात गुंडाळलेले होते.

बाई खाली वाकल्या, कापडावरून हात फिरवला. मग मला म्हणाल्या, "सांता क्लारा पावली, पोरी."

"हो," मी म्हणाले.

त्या रात्री खडकांत एक फळीसुद्धा उरली नाही. सोमवारी आन्शोला पुरले. छत्र्यांवरच्या पावसात पाद्र्याचे शब्द ऐकू आले नाहीत. मंगळवारी ब्राईस मला बसपर्यंत पोहोचवायला आला. त्याच्या हातात तीच टोपली होती.

"आईनं दिलीत. उकडलेली आहेत. प्रवासात खा, म्हणाली." तो थांबला. पाणी त्याच्या केसांतून कानामागे उतरत होते. "ईस्टरला इथे पाऊसच असतो. हॉटेलं महाग, पाव शिळा, माणसं उदास... तू येशील?"

चालकाने इंजिन सुरू केले. मी पायरीवर चढले. ब्राईस बोटांवर काहीतरी मोजल्यासारखे करत होता. दहात किती, हे ऐकायची त्याची तयारी चालली असावी.

"नक्की," मी म्हणाले.