चुकू शकणारा आराखडा

समुद्रतळ वसाहतीच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी पेढे वाटले जात होते. सहा माणसं वर्षभर पाण्याखाली राहणार होती, आणि त्यांच्या श्वासाची सोय करणारा फिरोज मुकादमचा आराखडा 'खंडक' यंत्रणेलाही खोडता आला नव्हता. योजना हाती आली की ती कुठे फसेल ते शोधायचं, हेच खंडकाचं काम.

प्रकल्पप्रमुख डॉ. शाल्मली पारुळेकरांनी पेढा हातातच धरला. उपप्रमुख ईश्वर रंगारीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं, आज फिरोजचं काही खरं नाही.

"फिरोज, काय घडलं तर आराखडा चुकला असं तू मान्य करशील?"

"तसं काही घडणारच नाही, मॅडम. शैवालाने प्राणवायू कमी दिला तर राखीव टाकी. ती संपली तर दुसरी. तीही संपली तर वरून पुरवठा."

"म्हणजे काहीही झालं तरी तू बरोबरच! मग हा आराखडा आपल्याला सांगतो तरी काय? विज्ञानात सिद्धान्त मांडणाऱ्याने तो कशाने खोटा ठरेल हेही सांगायचं असतं. आराखडाही सिद्धान्तच आहे. टाक्या बंद ठेव. नुसत्या शैवालावर सहा जण जमिनीवरच्या बंद कक्षात महिनाभर राहतील, असं छातीठोकपणे लिही. मग बघू."

फिरोजचा चेहरा उतरला, पण त्याने लिहिलं. कक्षात पहिल्या शिरल्या त्या शाल्मलीबाई. मागोमाग ईश्वर आणि आणखी चौघं.

दुसऱ्याच आठवड्यात शैवाल पिवळं पडलं. भिंतींच्या सांध्यांत भरलेल्या लुकणाची वाफ त्याला मारत होती. समुद्राखाली टाक्या आपोआप सुरू झाल्या असत्या आणि त्या संपेपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता; वरून पुरवठा पोचायला तेव्हा उशीर झाला असता.

बाहेर येताच बाईंनी फिरोजची पाठ थोपटली. "आराखडा चुकू शकला, म्हणून सहा जीव वाचले."

ईश्वरला राहवलं नाही. "मॅडम, तुमच्याशिवाय हा प्रकल्प चालणारच नाही."

त्या थबकल्या. "हे विधान कधी तपासलंय आपण?"

आणि त्या फोन बंद करून लांब रजेवर गेल्या.

ईश्वरची झोप उडाली. नवं लुकण लावलं, शैवाल हिरवंगार राहिलं, वसाहत समुद्रात उतरवण्याची तारीख जाहीर झाली. तेवढ्यात फिरोज आपणहून आला.

"सर, माझा आराखडा पुन्हा फसला. खोल पाण्याच्या दाबाखाली हवेचा पंप अडकतो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच मुद्दाम तपासलं."

ईश्वरने तारीख पुढे ढकलली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि पंप बदलून घेतला.

रजेवरून परतलेल्या बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे चमकले. "मग तुझं विधान खोटं ठरलं, ईश्वर."

"ठरलं, मॅडम," तो हसत म्हणाला.

"ज्याच्याशिवाय काम अडेल त्याने पाण्याखाली जायचं नाही, असा आपला नियम आहे. आता मी मोकळी झाले. सहावी जागा अजून रिकामी आहे ना?"

ईश्वरचं हसू मावळलं. त्याने त्यांनी पुढे केलेला अर्ज हाती घेतला आणि हरकत शोधू लागला. वयाची, तब्येतीची, अनुभवाची. एकही टिकेना. हरकत सापडली नाही म्हणजे निर्णय बरोबरच आहे असं नव्हे, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

त्याने सही केली आणि फिरोजला हाक मारली.

"चल, नवा पंप आणखी खोल नेऊ. बिघडतो का बघू."