व्हरांड्याचं मी बघतो

"डॉक्टरसाहब, पहले मैं सब बोल देती हूँ... नहीं तो हिम्मत टूट जाएगी।"

एवढं म्हणून मी धपकन खुर्चीत बसले, आणि समोरच्या माणसाला तोंड उघडायची संधी न देता जी सुटले ती सुटलेच.

१९८३चा नोव्हेंबर. शनिवारची दुपार. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या त्या बंगल्याच्या फाटकावर 'डॉ. एम. माथुर, मनोवैज्ञानिक परामर्श' अशी छोटीशी पाटी होती. मी ती रस्त्याच्या पलीकडून वीस मिनिटं वाचत उभी होते. व्हरांड्यात टेबल, टेबलामागे एक सावळा, चष्मेवाला तरुण, हातात पेन, पुढ्यात छापील कागद. डॉक्टर आणखी कसे असतात?

मी सगळं सांगून टाकलं. चारचौघांच्या नजरा माझ्याकडे वळल्या की घसा बंद होतो. तळहात घामेजतात, कानांत शिट्टी वाजते. आमच्या संशोधन संस्थेतल्या सेमिनारला दशहरी आंब्याच्या मोहोरावरचं माझं दोन वर्षांचं काम सांगायला उभी राहिले आणि 'गुड मॉर्निंग'च्या पुढे शब्द नाही. पळत जाऊन बाथरूममध्ये बसले. कानपूरची मंडळी मला बघायला आली तेव्हा तर मला माझं नावसुद्धा सांगता आलं नाही. मुलाच्या आईने आमच्या आईला हळूच विचारलं, मुकी आहे का हो? आणि आता इथे येते आहे ते टायपिंगच्या क्लासला जाते अशी थाप मारून. घरी कळलं तर...

तर काय, ते मला बोलताच येईना. रडू फुटलं आणि तोंडातून निघालं, "आई गं..."

"पाणी देऊ का?" त्याने विचारलं.

चक्क मराठीत.

"तुम्ही... मराठी?"

"हो. आणि... मघापासून सांगायचा प्रयत्न करतोय हो, पण तुम्ही थांबतच नव्हतात." त्याने हातातला कागद माझ्याकडे फिरवला. "मी डॉक्टर नाही. मीसुद्धा फॉर्मच भरतोय. माझाही आज पहिलाच दिवस आहे."

तेवढ्यात आतला दरवाजा उघडला. खादीची साडी, पिकलेले केस, शांत डोळे. "उल्का देवधर? आइए बेटा. हेमचंद्रजी, आपको चार बजे."

डॉ. एम. माथुर म्हणजे डॉ. मालिनी माथुर. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

तुम्हाला लखनौचं आमचं मराठी मंडळ माहीत नाही, म्हणून सांगते. सत्तर-ऐंशी घरं. कुणी बँकेत, कुणी संशोधन संस्थेत, कुणी विद्यापीठात. अलीगंजात कुणी शिंकलं तर हजरतगंजात यमुनामावशी काढा उकळायला घेतात. माणूस मनाच्या डॉक्टरकडे जातो म्हणजे त्याचं डोकं फिरलं, एवढाच हिशेब त्यांना ठाऊक. त्यांच्यातल्याच एका माणसाला मी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून बसले होते! एकदा कळलं की मी जन्मभर 'ती देवधरांची... बिचारी' होणार.

आतल्या खोलीत काय असेल याची मी आठवडाभर धास्ती घेतली होती. पलंगावर झोपवतील, डोळ्यांत बॅटरी मारतील, कागदावर शिक्का मारून देतील. मन चिंती ते वैरी न चिंती. तिथे होत्या दोन वेताच्या खुर्च्या, एक टेबलक्लॉक आणि घडी घातलेला स्वच्छ नॅपकिन.

डॉक्टरीणबाईंनी आधी स्वतःच सांगितलं. पन्नास मिनिटं. औषध मी देत नाही. इथलं बोलणं इथून बाहेर जाणार नाही, तुझ्या वडिलांनी येऊन विचारलं तरी. फक्त तुझ्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही. पहिल्या दोन-चार वेळा बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटेल, घाबरून सोडू नकोस. आणि माझ्याशी जमत नाही असं वाटलं तर सरळ सांग, मी दुसऱ्याचं नाव देईन. एवढं सांगून त्यांनी घड्याळ माझ्याकडे वळवलं. मी प्रश्नांची वाट बघत होते, त्या माझी वाट बघत होत्या. घड्याळाची टिकटिक मला गळ्यात ऐकू येत होती.

शेवटी मीच विचारलं, "और जो बरामदे में बोल दिया... वो?"

त्या मनापासून हसल्या. "वहाँ मेरा बस नहीं चलता, बेटा."

बाहेर आले तर तो उभाच होता. मी मान खाली घालून निघाले.

"ऐका ना," तो हळूच म्हणाला. "खोलीतलं खोलीत राहतं म्हणे. व्हरांड्याचं मी बघतो."

मी थांबले.

"विश्वास नाही ना बसत? साहजिक आहे. मग फिट्टंफाट करू." त्याने चष्मा काढून पुसला. डोळे माझ्याइतकेच घाबरलेले होते. "मी हेमचंद्र पेंडसे. अमौसी विमानतळावर, हवामान खात्यात. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून ट्रंककॉल आला... वडील गेले. तेव्हापासून फोनची घंटा वाजली की माझे हात गार पडतात. आणि ऑफिसात दिवसभर फोनच असतात. मी उठून बाहेर जातो, दुसरा कुणीतरी घेईपर्यंत... आता तुमच्याकडे माझं, माझ्याकडे तुमचं."

तरीही तो आठवडा मी तळमळत काढला. रोज संध्याकाळी आईचा चेहरा निरखायचे. कळलं असेल का? भाजी आज कमी तिखट का केलीय, माझी कीव आली म्हणून? यमुनामावशी दारात दिसल्या की मी कान टवकारायचे. त्या यायच्या आणि आईला सांगायच्या, "लतिका, अमौसीला एक नवा मुलगा आलाय हो, पेंडसे! मंडळात फिरकत नाही अजून." मी चहाचा कप घट्ट धरून बसायचे.

पण काही फुटलं नाही. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

माझी वेळ तीनची, त्याची चारची. तो अडीचलाच येऊन बसायला लागला. हातात मूंगफलीच्या शेंगांचा पुडा आणि हिरव्या मिरचीचं मीठ.

"इतक्या लवकर?" मी एकदा विचारलं.

"धुकं पडतंय ना. दृश्यता कमी झाली तर तुम्ही फाटकातून आत येताना दिसायच्या नाहीत."

"हवामान खातं असल्या गोष्टींचीही नोंद ठेवतं का?"

"खातं नाही ठेवत... मी ठेवतो."

माझ्या हातातली शेंग टरफलासकट तोंडात गेली. तो हसला नाही, हे मला फार आवडलं.

तिसऱ्या खेपेला मी आत पन्नास मिनिटं नुसती रडले. आम्ही लखनौला येण्याआधी, मावळातल्या शाळेत चौथीत असताना, पाठांतर विसरले म्हणून बाईंनी मला वर्गापुढे तासभर उभं केलं होतं आणि सगळी मुलं हसत होती. ही गोष्ट मी विसरलेय असं मला वाटत होतं. बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले. हेमचंद्रने सोललेले दाणे माझ्या तळव्यावर ठेवले आणि आत गेला.

मग डॉक्टरीणबाईंनी अभ्यास दिला. रोज एका अनोळखी माणसाशी एक वाक्य बोलायचं. पूर्ण, पूर्णविरामापर्यंत. पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, आज ठंड बहुत है।" तो म्हणाला, "जी बिटिया, अभी तो और पड़ेगी।" एवढंच. पण मी घरापर्यंत हसत आले.

हेमचंद्रचा अभ्यास अवघड होता. दिवसातून एक फोन स्वतः उचलायचा. "उचलला की वाटतं, पुन्हा तेच ऐकू येणार..." तो म्हणाला आणि बोट मिठात फिरवत राहिला.

मंगळवारी मी संस्थेच्या ऑफिसात गेले. तिथे चार कारकून, चौघांच्या नजरा वर. कानांत शिट्टी सुरू झाली. मी नंबर फिरवला. कुणीतरी उचलला. "पेंडसेजी से बात करनी है, उन्हें बुला दीजिए।" पूर्ण वाक्य!  मग एक धास्तावलेला आवाज, "हॅलो...?"

"मी उल्का. काही झालेलं नाही. सगळे ठीक आहेत. आज हवा कशी आहे, एवढंच विचारायचं होतं."

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला. "धुकं आहे," शेवटी तो म्हणाला. आवाज ओला होता. "दाट आहे. पण... फार छान आहे."

त्यानंतर रोज साडेअकराला मी हवा विचारायचे. चौथ्या दिवसापासून पहिल्याच घंटेला तो स्वतः फोन उचलू लागला. मला तो आवडू लागला होता, आणि त्याचीही मला भीतीच वाटत होती.

संक्रांतीला मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. हॉल भरलेला, आई तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती, बाबा पुरुषांत बसलेले. हेमचंद्र पहिल्यांदाच मंडळात आला होता. आम्ही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे दोन टोकांना होतो. आणि यमुनामावशींचा खणखणीत आवाज आला.

"काय गं उल्का, महानगरात त्या माथुरीणबाईंच्या फाटकात दर शनिवारी काय करतेस? माझ्या मुलीचं घर समोरच आहे. तिने तीनदा पाहिलं तुला. ती बाई तर म्हणे... डोक्याची डॉक्टर आहे ना?"

 ऐंशी घरांच्या नजरा माझ्यावर आल्या. घसा मिटला. आई जागच्या जागी थांबली होती.

"मावशी, त्या मला भेटायला येत होत्या."

हेमचंद्र उठून उभा होता. कानापर्यंत लाल झालेला.

कुणीतरी "अय्या" म्हणालं. आणि मग, काय सांगू, अख्खा हॉल सैलावला! बायका कुजबुजायला लागल्या, कुणी हसलं. प्रेमप्रकरण ना, मग चालेल. यमुनामावशी तर "पेंडसे म्हणजे गोत्र कुठलं रे?" इथवर पोहोचल्यासुद्धा. मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. त्याने आपलं नाव माझ्यावर पांघरूण म्हणून घातलं होतं.

पण मला त्याचं नाव पांघरूण म्हणून नको होतं. मला ते खरंखुरं हवं होतं. लपवण्यासाठी घेतलं असतं तर जन्मभर त्याच्याकडे बघताना मला माझी थापच आठवली असती.

मी उभी राहिले.  एक वाक्य, पूर्णविरामापर्यंत...

"नाही. मी... मी डॉक्टरांकडेच जात होते."

आवाज फाटला, पण आला. "चारचौघांत मला बोलता येत नाही. आत्तासुद्धा येत नाहीये. म्हणून जाते. बरं वाटतंय. अजून जाणार आहे." मी श्वास घेतला. "आणि ह्यांना भेटायला जात नव्हते. पण आता... आता ह्यांना भेटल्याशिवाय शनिवार होत नाही, हेही खरं आहे."

 आईचे डोळे भरले होते आणि ते रागाने की कशाने, मला कळेना. बाबा सावकाश उठले. माझ्याजवळ येऊन उभे राहिले, नुसतेच, माझ्या खांद्याला खांदा लावून. दोन-तीन बायकांनी तोंड फिरवलं, ते मी पाहिलं. पुढचे कित्येक महिने त्या घरी आल्या नाहीत, तेही सांगायला हवं.

"मीही त्याच डॉक्टरांकडे जातो," हेमचंद्र म्हणाला. त्याने ते सगळ्यांना सांगितलं, पण बघत होता माझ्याकडे.

यमुनामावशी आ वासून बसल्या होत्या. मग पदराने तोंड पुसत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला काय ठाऊक गं पोरी..."

हेमचंद्र गर्दीतून वाट काढत आला. त्याने आईच्या ताटातून एक लाडू उचलला, माझ्या तळव्यावर ठेवला आणि माझी बोटं मिटली. त्याचे हात गार नव्हते.

"तिळगूळ घे," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"आणि गोड बोल, असंच ना?" मी रडत रडत हसले.

"गोड कशाला... नुसतं बोल."