तुमच्याकडचा खलास

“माझ्या आईसमोर तो शब्द काढू नकोस हं... आणि काही झालंच, तर तू जा. दारातून सांगू नकोस. जवळ बस, हात धर, मग सांग.”

बोटीवर चढण्याआधी तो म्हणाला होता.

“तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये,” मी म्हटलं. पण वचन दिलं.

आमची ओळख त्या शब्दानेच झाली होती. मी औषधांच्या दुकानात कामाला. एका दुपारी एक खलाशी आत आला, पावसाने चिंब, टोपी पिळत.

“बोट लागते, त्याच्या गोळ्या आहेत?”

“खलास,” मी मान वर न करताच म्हटलं.

“कोण, गोळ्या? ...की मी?”

मान वर केली आणि नको तितका वेळ बघत राहिले.

“खलाशाला बोट लागते?”

“हळू बोला. पोटावर पाय येईल माझ्या.”

मग बोट धक्क्याला आली की तो दुकानात यायचा. मी गोळ्या बाजूला काढून ठेवायची, तो त्या शब्दाचा एकेक अर्थ आणायचा.

“मूळचा अरबी. तिकडे बोलणं आटपलं की खलास. झालं, पुरे. पूर्वेकडच्या बंदरांत माल उतरला की खलास. तिकडेच अडकलेला माणूस सुटला तरी खलास.”

“आणि आपल्याकडे?”

“आपल्याकडे माणूस गेला तरी खलास, अन् कुणावर जीव जडला तरी खलास. काटकसरी लोक आपण.”

“तुमचं यातलं कुठलं?” विचारलं मात्र... कानशिलं तापली.

“ओळखा.”

त्याच्या आईसमोर मात्र तो शब्द चालत नसे. वडीलही बोटीवरच होते. कंपनीचा माणूस उंबऱ्यात उभ्या उभ्या म्हणाला, “तुमचे खलास झाले,” आणि निघून गेला. तेव्हापासून घरात साखर संपली तरी ती ‘आणायला हवी’ एवढंच म्हणते.

या फेरीनंतर आमचं लग्न व्हायचं होतं. निघताना त्याने विचारलं, “ओळखलास माझा अर्थ?”

“कधीच.”

वाटेत त्याला ताप भरला. परक्या बंदरात उतरवून इस्पितळात ठेवल्याचं कळलं. मी रोजच्या नामस्मरणात त्याचं नाव गुंफत राहिले. आज दुकानात फोन आला. त्याचा बोटीवरचा जोडीदार होता, पूर्वेकडचा.

“वहिनी... तो खलास झाला.”

“सुटला ना इस्पितळातून?” मी घाईघाईने म्हटलं. “तुमच्याकडचाच खलास ना हा, दादा?”



“आमच्याकडचा असता... तर फोन त्यानेच केला असता, वहिनी.”

मी हात जोडले. मागायचं काय, ते सुचेना. बाजूला काढलेल्या गोळ्या तशाच खणात राहू दिल्या आणि छत्री घेतली.

त्याच्या आईचं घर दोन गल्ल्या सोडून. कंपनीचा माणूस उंबऱ्याशी यायच्या आत मला तिथे असायला हवं होतं. बोटं गार पडली होती... तिचा हात धरायचा होता, म्हणून छत्री काखेत धरून मी चालता चालता तळवे एकमेकांवर चोळत राहिले.