सात माणसांची मिरची

चष्मेवालीची आणि गिरणीवाल्याची ओळख शिंकांनी करून दिली. एक नाही, दोन नाही, सलग अकरा शिंका.

शेजारच्या मावशींचा पाय मुरगळला होता. त्यांच्या किलोभर मिरच्यांची पिशवी घेऊन ती पहिल्यांदाच मसाल्याच्या गिरणीत शिरली आणि रुमाल नाकापर्यंत पोचायच्या आत व्हायचं ते झालं.

"तोंडाने श्वास घ्या, तोंडाने!" यंत्राच्या घरघरीवर तो ओरडला.

तिने पाणावल्या डोळ्यांनी वर पाहिलं. त्याच्या भुवया, पापण्या, कॉलर, सगळं लालसर झालेलं. चष्मा तर नाकावरून घसरून ओठांवर यायच्या बेतात. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. सैल काडी दिसली की तिचे हात शिवशिवायचे. तिने पर्समधून पेचकस काढला.

"द्या इकडे. यंत्राच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात. दर महिन्याला आवळावे लागतील."

"दर महिन्याला?" तो हसला. गालाला खळी पडली आणि मिरचीची पूड नेमकी त्या खळीत जाऊन बसली. झालं! बाईसाहेब तिथेच कामातून गेल्या.

आता खरं सांगायचं तर तिला मिरचीची गरजच नव्हती. घरात ती आणि वडील, दोनच माणसं. त्यातून वडिलांच्या पोटात अल्सर, डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. पण पाव किलो मिरची म्हणजे यंत्र सुरू केलं आणि बंद केलं. एक किलोला मात्र चाळून-बिळून चांगली पंचवीस मिनिटं लागतात... म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती किलोभर मिरच्या घेऊन हजर.

त्या पंचवीस मिनिटांत तो बोलायचा. "धणे मंद आचेवर भाजायचे, वास सुटला की उतरवायचे. आणि गार करून आणा, गरम दळले तर पुडीला घाम फुटतो." "हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड घाला, हळद अंगी लागते." एकदा चाळताना तिच्या हातांची आग झाली, ती नळाकडे धावली, तर हा मध्येच उभा. "पाणी नको! आधी तेल, मग साबण." त्याने तिच्या तळहातावर तेल ओतलं, पण वीतभर उंचावरून. बोटाला बोट लागू दिलं नाही. किती लाजरा, तिला वाटलं.

"बरणीत हिंगाचा खडा ठेवा, कीड लागत नाही. आणि ओला चमचा घातलात तर माझ्याशी गाठ आहे!"

"घालून बघते एकदा. कळू दे तरी कशी असते ती गाठ."

तो आधीच मिरचीने लाल होता, म्हणून लाजला की नाही ते कळलं नाही.

आणखी एक गोष्ट तिने मनाशी जपून ठेवली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो काही ना काही म्हणायचा, कुणाला काकू, कुणाला ताई, कुणाला वहिनी. तिला मात्र नुसतं 'तुम्ही'.

त्याला एक घमेंड होती. "माप सांगा, घर सांगतो," म्हणायचा. कुणाच्या पिशवीवरून घरात म्हातारं माणूस आहे, कुणाकडे जावई यायचाय, सगळं ओळखायचा. एकदा तिने मान तिरकी करून विचारलं, "आणि माझ्या घरात किती माणसं?"

तो यंत्राकडे बघत म्हणाला, "सात. सासू-सासरे... एखादा दीर. दोन मुलं."

"अगदी बरोबर! फक्त मांजर राहिलं," असं म्हणून ती खळखळून हसली.

घराचा जिना चढताना तिच्या लक्षात आलं, की तो हसला नव्हता. पुढच्या वेळी सांगून टाकायचं, तिने ठरवलं. पण सांगितलं, की तो विचारणार, मग एवढी मिरची कुणासाठी? आणि त्याला उत्तर एकच होतं. ते बाईने तोंडाने सांगायचं? तिने सांगितलं नाही. महिने गेले, खिडकीत बरण्या वाढत गेल्या.

"बाळा," वडील एकदा म्हणाले, "आता माझी खाट कुठे टाकायची ते तरी सांग."

सहाव्या महिन्यात त्याने पूड बांधता बांधता सांगितलं, "पुढच्या रविवारी गिरणी बंद. लग्न आहे माझं. आईने जमवलं." मग गाठ मारत, "घरच्यांना घेऊन या. सातही जणांना."

तिने त्याच्या चष्म्याचा स्क्रू आवळला. गरजेपेक्षा जरा जास्तच.

लग्नाच्या आदल्या दिवशी गिरणीची मोटर जळाली. जेवणावळीसाठी मिरचीपूड हवी म्हणून त्याची आई दारोदार फिरतेय, अशी बातमी मावशींनी आणली. चष्मेवालीने सहाच्या सहा बरण्या रिक्षात घातल्या आणि धाडून दिल्या.

दुपारी तो तिच्या दुकानात उभा होता. बोटं लाल.

"सहाही बरण्या काठोकाठ," तो म्हणाला. "हिंगाचे खडे मी सांगितले तसे. चमचासुद्धा लागलेला नाही. सात माणसं जेवतात तरी काय?"

"दोन माणसं. मी आणि वडील. वडील तिखट खात नाहीत."

तो हळूच म्हणाला, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं असतंत, मग एवढी मिरची कशाला."

"विचारलं असतं..."

"तेच तर!"

तिला संताप आला. पिशवीवरून दुसऱ्याच्या सासूचा पत्ता लावणारा हा शहाणा, आणि समोर सहा महिने उभी असलेली बाई याला कळू नये! आणि त्याहून जास्त संताप स्वतःचा. एका मांजराच्या विनोदापायी तिने त्याला घालवलं होतं.

"तुम्हाला वहिनी म्हणायला माझी जीभ कधी वळलीच नाही," तो म्हणाला. "अजून वेळ आहे. तुम्ही एकदा म्हणा..."

बाहेर रिक्षात त्याचे मामा फुलांच्या टोपल्या सांभाळत बसले होते. तिला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"तिकडे एक मुलगी उद्याची तयारी करून बसलीय," ती म्हणाली. "तिचा यात काय दोष? जा तुम्ही."

तो गेला. बरण्या आठवड्याने परत आल्या, धुतलेल्या, पुसलेल्या, कोरड्या.

दोन महिन्यांनी वडिलांनी एकदा तरी आमटीला रंग दिसू दे म्हणून हट्ट धरला, तेव्हा ती गिरणीत गेली. तराजूपाशी नवी नवरी बसली होती. चष्मेवालीने पिशवी पुढे केली. पाव किलो. त्याने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि यंत्र सुरू केलं. त्याचा चष्मा नाकावरून घसरत आला. बायकोने उठून तो बोटाने वर सरकवला.

चष्मेवाली रुमाल शोधत होती, तोवर यंत्र थांबलंसुद्धा.

"झालं, ताई," तो म्हणाला.