पानावरची मोकळी जागा

आभाच्या स्क्रॅपबुकचं पान म्हणजे श्रावणी सोमवारची पंचवटी. स्टिकर, लेस, चमकी, रंगीत टेप, आणि त्या रेटारेटीत कुठेतरी गुदमरलेला एक फोटो. नववीपर्यंत अख्खा वर्ग तिच्या पानांवर फिदा होता. दहावीच्या निरोप समारंभाचा अल्बम तीच करणार, शैला मॅडमनी तसं जाहीर करायचं तेवढं बाकी होतं.

मग दहावीत सायखेड्याहून तृप्ती वर्गात आली.

तिचं पान पांढरं. डावीकडे तळहाताएवढा फोटो, खाली पेन्सिलीनं एक ओळ, बाकी काही नाही. बघितलं की डोळ्यांवर कुणी गार पाणी मारल्यासारखं वाटायचं.

“बाई गं, काय क्लास दिसतंय!” वैष्णवी म्हणाली. हीच वैष्णवी काल-परवापर्यंत आभाच्या चमकीवर जीव टाकत होती.

“सामान संपलं असेल बिचारीचं,” आभा म्हणाली.

कुणीच हसलं नाही. आभाचे कान तापले ते घरी पोचेपर्यंत तापलेलेच राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं आवाजात साखर घोळली. “ए तृप्ती, मलापण शिकव ना.”

“लय सोपंय. नको वाटतं ते काढायचं. मग उरलेल्यातलं नको वाटतं, तेपण काढायचं.” बोलता बोलता तृप्तीनं पांढऱ्या जागेच्या मधोमध तांदळाचा एक दाणा चिकटवला.

“आणि हा कशाला?”

“आमच्या घरी पाट मांडला अन् माणूस यायचं असलं, की पाटावर दाणा ठेवतात. जागा मोकळी ठेवायची, पण उघडी नाय सोडायची.”

“सोडली तर?”

“कुणीबी बसतं मग.”

आभाला मनातून हसूच आलं. तिचे बाबा तीर्थोपाध्याय. घरी रोज यजमानांची पंगत बसायची, एवढे पाट मांडले जायचे, दाणा-बिणा कधी कुणी ठेवला नव्हता. म्हणजे इतक्या सुंदर पानावर हा एक डागच की! आपलं पान याहूनही साधं करायचं. तृप्तीपेक्षा साधं.

तिनं द्वारका चौकातल्या दुकानातून सगळ्यात महागडा कागद आणला. जाड, खरखरीत, दुधासारखा. डावीकडे फोटोत घाटाच्या पायरीवर एकटी बसलेली ती स्वतः. खाली एकच शब्द: मी. उजवीकडे सगळं कोरं. दाणा नाही.

आई भाजीची पिशवी घेऊन मागून डोकावली. “छान झालंय गं. ही कोण?”

“मीच! आई, चष्मा लाव.”

“तू नाही गं, ही...” आईनं पुन्हा पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि स्वयंपाकघरात गेली.

शाळेत वैष्णवीनं पान हिसकावलंच. “अय्या, दोघी काय गोड दिसताय!”

“दोघी? फेकू नको.”

“बरं बाई, नाही सांगायचं तर नको सांगू.”

तृप्तीनं पान हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. “तू दाणा नाय ठेवला?”

“तुझी कॉपी कशाला करू मी?”

तृप्ती आभाच्याच बाकावर बसायची. तिनं दप्तर उचललं. पानाच्या कोऱ्या बाजूकडे बघत “तिच्याशी बोलू नको,” एवढंच म्हणाली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

जळते माझ्यावर, आभाला वाटलं. फार बरं वाटलं.

मग पानाला वास आला. ओल्या केसांचा.

तिनं पांढऱ्यावर बोट ठेवलं. कागदाचा खरखरीतपणा गेला होता. फोटोसारखं गुळगुळीत लागलं. आणि कोमट.

तिनं बोट झटकन मागे घेतलं.

तेवढ्यात शैला मॅडम आल्या. सगळ्यांची पानं चाळत आभाच्या पानाशी थांबल्या.

“हे हसू बघा,” त्या म्हणाल्या. “किती साधं. आभा, तू जरा पोज देतेस बाळा. हिचं बघ.”

भीती नंतर आली. आधी तीच जुनी आग पेटली: हिचं? माझ्यापेक्षा?

“अल्बम हिच्याकडेच देऊया. आभा, तू मदत कर हं तिला.”

“कुणाला, मॅडम?”

वर्ग खळखळून हसला.

“कुणाला काय? अगं, शेजारी बसलीये ना तुझ्या.”

आभानं मान वळवली नाही. बाकाच्या अगदी कडेला बसली होती ती, पडायला आलेली. इतकी कधी सरकली, तिला आठवेना.

टाळ्या वाजल्या. सगळे तिच्या दिशेनं बघत होते. तिच्याकडे नाही. वीतभर उजवीकडे.